चालू मशीनवर हाक मारू नये

आमच्या मामेसासऱ्यांच्या मते जगात मेलेलं लाकूड नावाची वस्तूच नाही. झाड तोडा, चिरा, वर्षभर वाळवा, त्याचं कपाट करा, कपाटाला पॉलिश करून त्यात साड्या भरा, तरी ते लाकूड आपलं जागंच असतं आणि घरात कोण येतं, कोण जातं, कोण कुणाशी कसं बोलतं हे सगळं ऐकत असतं, असं त्यांचं ठाम मत. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा मला बसायला देण्याआधी त्यांनी पाट उलटा केला, त्यावर टिचकी मारली, कान लावला आणि मामींना म्हणाले, "ह्यो नको. ह्यो आज नाराज हाय. दुसरा दे जावयास्नी." मी नवा जावई. नाराज पाटाविषयी पाहुण्याने काय बोलायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी नुसता हसलो. ते हसले नाहीत. पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा त्यांना सांगून पाहिलं की लाकूड हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून पावसाळ्यात दारं फुगतात; यात जिवंतपणाचा काही संबंध नाही. मी शाळेत भूगोल शिकवतो, तेव्हा हवेतल्या ओलाव्यावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे. ते म्हणाले, "मेलं आसतं तर फुगलं कशाला आसतं?" मी घाईघाईत म्हणालो, "मामा, मेलेला माणूसही पाण्यात फुगतोच की." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "शाळंत आसलं शिकवताय व्हय पोरास्नी?"

हे मामा म्हणजे माझ्या बायकोचे सगळ्यांत धाकटे मामा. सगळी नोकरी त्यांनी एका दवाखान्यात क्ष-किरण विभागात काढली. अंधाऱ्या खोलीत उभं राहायचं, पेशंटला काचेसमोर सरळ उभा करायचा आणि "श्वास घ्या, धरा, सोडा" म्हणायचं, हा त्यांचा तीस-पस्तीस वर्षांचा संसार. निवृत्त झाले त्या आठवड्यात पंचगंगेजवळच्या शुक्रवार पेठेतल्या घराच्या परसात त्यांनी पत्र्याची शेड घातली आणि सुतारकाम सुरू केलं. शिक्षण कुणाकडे घेतलं नव्हतं. "हाडं काय आन् लाकूड काय, आतल्या रेघा बघून काम करायचं," एवढंच म्हणायचे. दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी निरोपाला दिलेला जुना स्टेथोस्कोप त्यांच्या गळ्यात असे, आणि नवी फळी आली की ते तिला आधी छातीपोटाशी तपासत. एका टोकाला टिचकी, दुसऱ्या टोकाला कान. आवाज सलग आला तर लाकूड निरोगी. मध्येच दबला तर आत भेग, कीड किंवा गाठ. मग त्या फळीवर खडूने केसपेपर लिहिला जाई. मी स्वतः वाचलेले मजकूर सांगतो: "साग. वय शंभराच्या पुढं. जुन्या घराची तुळई. तक्रार: डावीकडं वळतोय." दुसरा: "शिसव. स्वभाव तापट. रंधा उलटा मारू नये." आणि एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभ्या केलेल्या एका चौकटीवर नुसतं: "हिला काय विचारू नये." ही चौकट कुणाच्या घरची, तिला काय विचारू नये, हे मी कधी विचारलं नाही. मात्र त्या शेडमध्ये गेलो की माझी पाठ त्या कोपऱ्याकडे कधी होत नसे, हे मान्य करतो.

कारण खरं सांगायचं तर ती शेड भर दुपारीही अंगावर यायची. चार हात लांबीच्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या, माणसं रांगेत उभी असावीत तशा. ऊन पत्र्यावर चढलं की एखादी फळी 'टक्' करी. थोड्या वेळाने दुसऱ्या भिंतीची फळी 'टक्' करी. मग बराच वेळ काही नाही. आणि आपण विसरलो असं वाटलं की बरोबर आपल्या मागून तिसरी. लाकूड सुकताना आवाज करतं हे मला माहीत आहे, भूगोलाच्या माणसाला ते माहीत असतंच. पण मामा हातातलं काम थांबवून, मान वाकडी करून, त्या आवाजाला "हां, हां, आलो," असं उत्तर द्यायचे, तेव्हा माझा भूगोल उपयोगी पडत नसे.

शेडमध्ये शिरण्याचे नियम इतके कडक होते की त्यापुढे देवाचा गाभारा सोपा. अंगठी काढायची, घड्याळ काढायचं, बाह्या कोपराच्या वर, गळ्यात काही लोंबतं नको. डोळ्यांवर पारदर्शक गॉगल, तोंडाला फडकं. करवतीच्या पात्याच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, अर्धा हात बाजूला राहायचं. लाकूड उलटं फेकलं गेलं तर ते सरळ येतं, वळून येत नाही. लाकूड हाताने शेवटपर्यंत ढकलायचं नाही, त्याला खाच पाडलेली काठी होती. आणि सगळ्यांत वरचा नियम: चालू मशीनवरच्या माणसाला कुणी हाक मारायची नाही. घराला आग लागली तरी नाही. "हाक आली की मान फिरती, मान फिरली की हात सरकतोय," ते सांगत. हा नियम त्यांनी दारावर तांबड्या रंगात लिहून ठेवला होता.

दारातच ते पाहुण्याला थांबवून म्हणत, "बोटं मोजा." आपण दोन्ही हात पुढे करून एक ते दहा मोजायचं. बाहेर पडताना पुन्हा. पहिल्यांदा मला हा पोरखेळ वाटला. मग एके दिवशी इचलकरंजीचे एक म्हातारे सुतार त्यांच्याकडे आले. दारात मामांनी विचारलं, "पावणं, किती?" म्हातारा सहज म्हणाला, "साडेआठ." आणि आत गेला. तासाभराने बाहेर येताना पुन्हा "साडेआठ." मामांनी मान हलवली, हिशेब जुळला. चहा घेताना त्या म्हाताऱ्याने मला आपल्या डाव्या हाताची मोकळी जागा दाखवली आणि म्हणाला, "ह्ये गेल्याला वीस वर्सं झाली. पण आजबी फणसाचं लाकूड चिरताना खाजतंय." आणि उजव्या हाताने त्याने त्या नसलेल्या बोटाला, बरोबर जिथे ते असतं तिथे, हवेत खाजवलं. माझा चहा तसाच राहिला.

मामींविषयी सांगायला हवं, कारण या सगळ्या कारखान्याची सत्ता त्यांच्या हातात होती, आणि हे मी गमतीने म्हणत नाही. शेडला जाणारी वीज मामांनी मुद्दाम स्वयंपाकघरातून नेली होती. गॅसच्या ओट्याशेजारी, मामींच्या उजव्या हाताला लागेल असा एक लाल खटका. मशीन चालू करायचं असलं की शेडमधून मामा ओरडत, "सोड!" आणि मामी खटका दाबत. काम झालं की "बंद कर!" आणि मामी बंद करीत. एकटा माणूस मशीनवर अडकला तर त्याचा हात खटक्यापर्यंत पोचत नाही, म्हणून चावी दुसऱ्याच्या हातात पाहिजे, हे त्यामागचं शास्त्र. मामी भाकऱ्या थापता थापता करवतीचा आवाज ऐकत. सागाचा आवाज त्यांना कळे, बाभळीचा कळे, आणि पातं बोथट झालं की मामांच्या आधी त्यांना कळे. "आज तुमची करवत रडालीया," त्या जेवताना सांगत, आणि मामा मुकाट्याने पातं बदलत. दोघांचं बोलणं तसं फार नव्हतं. दिवसभरात "सोड" आणि "बंद कर" एवढंच काही वेळा होई, पण ते कधी चुकत नसे.

पेठेत मामांचा थोडा दरारा होता, त्याला एक बिबळ्याचं लाकूड कारण झालं. राधानगरीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरचं बिबळ्याचं झाड वादळात पडलं, त्याची एक ओली फांदी मामांनी टेम्पोतून आणली. बिबळा कापला की त्यातून तांबडा चीक गळतो, अगदी रक्तासारखा. हे मामांना माहीत होतं, पेठेला नव्हतं. सकाळी नऊच्या सुमाराला दूधवाल्याला शेडच्या दाराखालून तांबडा ओघळ आलेला दिसला. त्याने हाक मारली. चालू कामात हाकेला उत्तर द्यायचं नाही, म्हणून मामांनी दिलं नाही. पाच मिनिटांत गल्ली गोळा झाली. दार उघडून मामा बाहेर आले ते कोपरापर्यंत तांबडे, गळ्यात स्टेथोस्कोप, तोंडाला फडकं, हातात करवत. गर्दी बघून ते शांतपणे म्हणाले, "काय न्हाई. अजून गरम हाय, थांबल आता." त्यानंतर दूधवाला पिशवी गल्लीच्या तोंडाशीच ठेवून जाऊ लागला.

मी हे सगळं गमतीने सांगतोय, पण एक गोष्ट अशी घडली की ती मला अजून गमतीने सांगता येत नाही.

महापुराच्या वर्षी पंचगंगेचं पाणी पेठेत शिरलं. मामा-मामी आठ दिवस आमच्याकडे होते. पाणी उतरल्यावर आम्ही घर बघायला गेलो. परसात घोटाभर चिखल. शेडमधलं सगळं लाकूड होतं तिथेच होतं, आणि शेडच्या दारात, उंबऱ्याला समांतर, कुणी आणून नीट ठेवावी तशी फणसाच्या लाकडाची एक मोठी फाक पडली होती. झाडाच्या बाहेरच्या अंगाने उभी चिरलेली, पाच फूट लांब, चार बोटं जाड, एका बाजूला साल तशीच. पाण्याने ती कुठून आणली, कुंपणावरून की फाटकातून, काही कळेना. मामांनी नदीकाठच्या गावांत चार माणसांना विचारलं. कुणी आपली म्हटली नाही. मग त्यांनी तिला धुतलं, दोन्ही टोकांना जुना रंग फासला, म्हणजे टोकाकडून भराभर सुकून भेगा पडत नाहीत, खाली पट्ट्या देऊन सावलीला आडवी ठेवली आणि स्टेथोस्कोप लावला. त्या दिवशी त्यांचा चेहरा मी पाहिला. टिचकी मारत, कान लावत ते टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. केसपेपर लिहायला खडू घेतला आणि काही न लिहिताच ठेवून दिला.

"काय झालं मामा?"

"आवाज मधीच थांबतोय," ते म्हणाले. "थांबतोय म्हणजे... कोन बोलता बोलता गप झाल्यावानी."

ती फाक तीन वर्षं तशीच पडून राहिली. दरम्यान आम्ही घर बांधलं. बायकोला सोप्यात झोपाळा हवा होता आणि झोपाळ्याची फळी मामांच्या हातचीच हवी होती. सुकलेला फणस पिवळाधमक दिसतो, उन्हापावसात मुरत मुरत मधासारखा होतो. तिचा जीव त्या फाकेवरच जडला. मी दर सुट्टीला मामांना आठवण करी आणि ते दर वेळी म्हणत, "अजून न्हाई." वाळली नाही का? "वाळलीया." मग? "अजून न्हाई." वास्तुशांतीची तारीख जवळ आली. मे महिना होता, माझ्या शाळेला सुट्टी. मामा एका नातेवाइकाच्या लग्नाला राधानगरीला गेले होते. मी दुपारी बाराच्या सुमाराला त्यांच्या घरी पोचलो, खिशात झोपाळ्याच्या मापाचा कागद. साल असलेली वाकडी कड सरळ कापायची, एवढंच तर काम. सात-आठ वर्षं मी त्यांच्या हाताखाली कापत होतो.

मामी भाकरी थापत होत्या. मी म्हणालो, "मामी, खटका सोडा."

"ह्यांनी सांगितलंय?"

"व्हय, सांगितलंय," मी म्हणालो. इतकं सहज खोटं मी त्याआधी बोललो नव्हतो. मामींनी पिठाच्या हाताने खटका दाबला.

दारात कुणी बोटं मोजायला सांगणारं नव्हतं, म्हणून मी मोजली नाहीत. गॉगल खिळ्याला अडकवलेला होता. उकाड्याने त्यावर वाफ धरते, म्हणून तो तिथेच राहू दिला. फाक उचलून टेबलावर घेतली. ती उन्हात नव्हती, तरी कोमट लागली. करवत सुरू झाली, लाकडात शिरली, पिवळा भुसा उडायला लागला, फणसाचा गोड वास आला. वाकडं लाकूड सरळ धरायला बरं पडावं म्हणून मी सरकत सरकत नेमका पात्याच्या रेषेत आलो होतो. ते मला तेव्हा कळलं नाही. हातभर कापून झालं असेल. भुसा पिवळ्याचा काळसर, निळसर येऊ लागला. मी थोडा जोर लावला.

आणि करवत बंद पडली.

खाली येत येत पात्याचा आवाज विरला आणि शेडमध्ये जी शांतता झाली तशी मी तिथे कधी ऐकली नव्हती. एकही फळी वाजत नव्हती. सगळ्या जणू बघत होत्या. वीज गेली असेल म्हणून मी चिडून स्वयंपाकघरात गेलो. मामी ओट्याला पाठ लावून उभ्या होत्या, हात लाल खटक्यावर, खटक्याला पीठ लागलेलं. तव्यावरची भाकरी करपत होती.

"मामी, बंद का केलंत?"

"ह्यांनी हाक मारली की," त्या म्हणाल्या.

"कुणी?"

"ह्यांनी. 'बंद कर' म्हनाले. दोनदा. मागच्या दारातनं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी न्हाई ऐकलं?"

मागचं दार आतून कडी लावून बंद होतं. मी कडी काढून बाहेर पाहिलं. परस, तुळस, दोरीवर वाळणारं लुगडं, टळटळीत ऊन. कुणी नव्हतं. मी पुन्हा कडी घातली आणि आम्ही दोघं, मामा येईपर्यंत, तीन तास स्वयंपाकघरात बसून राहिलो. ती करपलेली भाकरी मामींनी मला वाढली आणि मी ती खाल्ली, एवढं आठवतं.

मामा आल्यावर मी सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही सांगितलं. ते रागावतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. ते कपडेही न बदलता शेडमध्ये गेले. जुन्या लाउडस्पीकरमधलं गोल लोहचुंबक त्यांनी दोऱ्याला बांधलं आणि फाकेवर, मी मारलेल्या रेषेवरून, हळूहळू फिरवत नेलं. करवत जिथे थांबली होती तिथून दोन बोटं पुढे दोरा तिरका झाला. चुंबक लाकडाला जाऊन चिकटलं, कुणी आतून ओढून घ्यावं तसं. मामांनी पटाशीने तिथलं लाकूड उकललं. आत करंगळीएवढा जाड, हाताने घडवलेला, चौकोनी खिळा होता. झाडाने त्याला पूर्ण गिळून वर लाकूड धरलं होतं. त्याच्याभोवती काळं पडलेलं काहीतरी गुंडाळलेलं होतं. मामींनी लांबूनच ओळखलं. "केस हायती," त्या म्हणाल्या.

त्या फिरत्या पात्याचा दात त्या खिळ्यावर पडला असता तर तो मोडून सरळ माझ्या उघड्या डोळ्यांत आला असता. मी रेषेतच उभा होतो. हे मामांनी मला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. मी तिथेच खाली बसलो.

खिळ्यावरचा भुसा पुसत मामा म्हणाले, "मला ठावं हुतं."

"काय?"

"पहिल्याच महिन्यात चुंबक फिरवलंवतं मी. आत खिळं हायत ह्ये मला ठावं हुतं. एक न्हाई, लई हायत." ते माझ्याजवळ भुसकटातच बसले. "गावंदरीच्या, येशीबाहेरच्या झाडाला ठोकत्यात तसलं. घरात कुनाचं दुखनं बरं हुईना झालं की झाडात खिळा मारायचा. दुखनं तितं ऱ्हातंय म्हनं. माझा इस्वास न्हाई त्याच्यावर. पर काढायचं का न्हाई, ते ठरंना. काढलं आन् कुनाचं दुखनं परत गेलं म्हंजे?"

"मग सांगितलं का नाहीत मामा? निदान मला, मामींना?"

यावर ते जे म्हणाले ते त्यांच्या सगळ्या आयुष्याचं उत्तर होतं, असं मला आता वाटतं. "सवयच न्हाई. तीस-पस्तीस वर्सं फोटो काढलं. कुनाच्या छातीत काय हाय ह्ये त्याच्या आधी मला दिसायचं. बाहेर त्याची बायकू इचारायची, काय हाय हो? मी म्हनायचो, डॉक्टर सांगतील. आमी सांगायचं नसतंय." त्यांनी पटाशी खाली ठेवली. "तुमास्नी सांगायला पायजे हुतं. चुकलं माजं."

मी खोटं बोललो होतो आणि ते खरं बोलले नव्हते. त्या दुपारी शेडमध्ये आम्ही दोघेही सारखेच गुन्हेगार होतो.

हाकेचा विषय मी नंतर काढला. त्या वेळी, म्हणजे साडेबाराच्या सुमाराला, मामा राधानगरीत पंगतीला बसले होते. दहा माणसांनी त्यांना जिलबी खाताना पाहिलं होतं. "मी कशाला हाक मारीन?" ते जवळजवळ चिडून म्हणाले. "चालू मशीनवर हाक मारू नये म्हनून मीच लिवलंय की दारावर!" मी माझ्यापरीने उलगडा केला: खिळ्यापाशी लाकूड कडक झालं, करवतीचा सूर बदलला, मामींच्या सरावलेल्या कानाला तो कळला आणि धोक्याचा सूर म्हणजे नवऱ्याची हाक, असं मनाने जोडून घेतलं. मामींनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आसंल तसं बी. तुमी शिकल्यालं हायसा. पन हाक ह्यांचीच हुती." त्यानंतर तो विषय त्या घरात निघाला नाही. फक्त मामा मधूनच कामात थांबत आणि मागच्या दाराकडे बघत, ते मी पाहिलं आहे.

त्या पावसाळ्यात मामांनी फाकेतले सगळे खिळे काढले. मशीन लावलं नाही, सगळं पटाशीने, एकेक. काहींना चिंधी होती, काहींना केस, एकाला तांब्याचा पातळ पत्रा, त्यावरचं नाव हिरवट थराखाली पुसून गेलेलं. मामींना ते घरात नको होते, जमिनीत पुरावेत असं त्या म्हणाल्या. शेवटी श्रावणातल्या एका सकाळी मामा आणि मी ते पिशवीत घालून पंचगंगेच्या घाटावर गेलो. पाणी गढूळ, भरलेलं. मामा पायरीवर उकिडवे बसले, एकेक खिळा हातात घेऊन पाण्यात सोडू लागले, आणि प्रत्येकाला अगदी हळू, दवाखान्यात पेशंट खोलीतून बाहेर जाताना म्हणत असत तसं, "बरं व्हा," म्हणू लागले. मी हसलो नाही. चौथ्या-पाचव्या खिळ्यापासून मीही म्हणू लागलो.

झोपाळ्याची फळी झाली. खिळ्यांच्या भोकांत मामांनी फणसाच्याच गोल मेखा बसवल्या. पिवळ्या फळीवर त्या तिळांसारख्या दिसतात. गल्लीतल्या दोन-तीन बायका संध्याकाळी मुद्दाम येऊन त्यावर बसतात, कंबर हलकी होते म्हणे. मी त्यांना काही सांगत नाही. डॉक्टर सांगतील.

दोन वर्षांनी मामी गेल्या. फार दुखलंखुपलं नाही, चार दिवसांचा ताप. तेराव्यानंतर त्यांच्या लेकीने मामांना पुण्याला नेलं. तिथे अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे, सगळं फर्निचर भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं, वर गुळगुळीत कागद. पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. "जावई, हितं कशालाबी हात लावा, काय बी कळत न्हाई," म्हणाले. "कपाट हाय का भिंत हाय." मी विचारलं, काही पाठवू का इथून? नको म्हणाले. मग काही मागायची सवय नसलेला माणूस मागतो तशा आवाजात म्हणाले, "शेडची किल्ली तुमच्याकडं हाय न्हवं? शनवारी शाळा सकाळची आसती. दुपारी जाऊन तितं आर्धा तास नुसतं बसत जावा. काम काय करू नका. लाकडाला मानसाच्या वावराची सवय आसती. एकदम सोडलं की तडकतंय."

मी आता दर शनिवारी दुपारी जातो. चाळिशी ओलांडलेला, चष्मा लागलेला, भूगोल शिकवणारा माणूस. दार लोटून घेतो, स्टुलावर बसतो आणि काय बोलावं ते न सुचून, फळ्यांना आठवड्याची हकीकत सांगतो. पाऊस किती झाला, आठवीच्या पोरांनी नकाशात गोव्याला कुठे नेऊन ठेवलं, पुण्याहून फोन आला होता, तब्येत बरी आहे, जेवण कमी झालंय. त्या ऐकतात असं मी म्हणणार नाही. पण मी बोलत असतो तोवर एकही वाजत नाही. आणि परवा, जेवण कमी झाल्याचं मी सांगितलं तेव्हा, मला उठावंसंच वाटेना, इतकं तिथे गप्प झालं होतं.